पावतीवर छापलेला गुन्हा

गाळप हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली, दोघे जागीच ठार. गावाचे नाव बदलते, मुलांची वये बदलतात. ट्रॉली तीच.

कारणेही ठरलेली. अंधार होता, रिफ्लेक्टर नव्हता, दुचाकी वेगात होती. ट्रॉलीत किती टन ऊस होता, हे त्या बातमीत कधी वाचले आहे?

नाही ना?

आणि हा आकडा तर अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यांत काटेकोरपणे मोजला जातो.

कारखान्याच्या आवारात काटा असतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होते. ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, पुन्हा वजन होते. वजाबाकी होऊन पावती हातात. तीवर शेतकऱ्याचे नाव, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. 2024-25 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती. वीस टनांची एक खेप धरा. तोडणी-वाहतूक कापण्याआधी 68,000 रुपये. एवढ्या पैशांचे वजन डोळे मिटून कोण करील?

शेतकरी तर मुळीच नाही. काटामारीविरुद्ध, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याविरुद्ध, त्याने मोर्चे काढले, बाहेरच्या काट्यावर वजन करून गाडी कारखान्यात नेण्याचा हट्ट धरला, काटे डिजिटल करायला लावले. दर हंगामात जिल्ह्याजिल्ह्यांत भरारी पथके नेमली जातात. लढा रास्त होता, आजही आहे.

पण पथक काय तपासते? काटा खरा आहे की खोटा. खऱ्या काट्याने दाखवलेले वजन रस्त्यावर आणण्याजोगे होते का, हे ते तपासत नाही.

ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, स्वतःचा विमा लागतो. कायद्याच्या लेखी तीही मोटार वाहनच आहे. तिच्या आरसीवर भरल्यानंतरचे कमाल वजन लिहिलेले असते. म्हणजे एक आकडा आरसीवर, दुसरा पावतीवर. दोन्ही शेजारी ठेवले की चौथीतला मुलगाही वजाबाकी करील.

शेजारी ठेवायचे कोणी?

मोटार वाहन कायद्याचे कलम 113 सांगते की नोंदणीतल्या वजनापेक्षा जास्त भरून वाहन चालवायचे नाही. कलम 194 दंड सांगते. 2019 च्या सुधारणेनंतर तो 20,000 रुपये आहे आणि जादाच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. माल बाजूने, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर त्याचे वेगळे 20,000. उसाच्या ट्रॉलीकडे एकदा बघा आणि बेरीज करा.

कलम 114 तर फारच बोलके आहे. गाडीत जादा वजन असल्याचा संशय आला तर अधिकारी ती काट्यावर न्यायला लावू शकतो. काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत हवा, किंवा गाडी जिथे पोहोचायची त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत. उसाची गाडी कुठे निघालेली असते?

काट्यावरच.

कुणी अडवायची गरज नाही, वळवायची गरज नाही. गाडी स्वतःच्या डिझेलवर जाते, वजन करून घेते, त्याचा छापील कागद घेते आणि मोकळी होते. एवढा आयता पुरावा पोलिसांना दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात मिळतो?

दंड भरला की सुटले, असेही नाही. 2005 साली परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितले की पैसे भरून जादा माल पुढे नेता येणार नाही, तो उतरवावाच लागेल. मधल्या काळात रस्ते चौपदरी झाले, मोटारी वेगवान झाल्या, ट्रॅक्टर दणकट झाले.

ट्रॉलीचा ब्रेक तेवढा आला नाही.

वाद नेमका इथे आहे, म्हणून जरा थांबतो. चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. त्याचे ब्रेक मागच्या दोन चाकांना. पाठीमागे दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून वीस टन ऊस, ट्रॉल्यांचे लोखंड वेगळे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे दोन टनांच्या यंत्राने आपल्या दहापट ओझे थांबवायचे, तेही दोन चाकांवर. ओढण्याची ताकद आहे म्हणून थांबवण्याचीही आहे, असे कुठल्या पुस्तकात लिहिले आहे?

उतारावर हिशेब आणखी वाईट होतो. वीस मीटर पुढे जाताना एक मीटर खाली उतरणारा रस्ता घ्या, पुलाच्या उताराला एवढे असू शकते. तिथे वीस टनांचे ओझे जवळजवळ एक टनाच्या जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलते. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला की ट्रॅक्टरची चाके घसरतात, ट्रॉली मात्र थांबत नाही. ती तिरपी होऊन ट्रॅक्टरला आडवा करते. लोक म्हणतात, ट्रॉली अंगावर आली. ती आली नाही, ती थांबू शकली नाही.

चढावर उलटा प्रकार. दोनचाकी ट्रॉलीत ओझे पुढच्या बाजूला जास्त भरले की सगळा भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. पुढची चाके हवेत, म्हणजे स्टिअरिंग असून नसल्यासारखे. तोंड खाली राहावे म्हणून पुढे दगड बांधतात, नाहीतर बॉनेटवर माणसे बसवतात. ओझे मागे जास्त झाले तर हुकावरचा भार हलका होतो आणि मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणजे वजन किती हा एक प्रश्न, आणि ते कुठे ठेवले हा दुसरा. आपण पहिलाच विचारत नाही, दुसरा कोण विचारणार?

आणि हे सगळे ओझे एका पिनीवर. पिन झिजली, तिचा खिळा पडला, साखळी लावलेली नसली तर मागची ट्रॉली सुटते. ती कुणाच्या घरात शिरणार, कुणाच्या दुकानात, की शाळेतून सुटलेल्या पोरांत, हे रस्त्याचा उतार ठरवतो.

आता रात्रीचे बघू. पुणे-बंगळूर महामार्गावर कराड-कोल्हापूरकडे जा, पुणे-सोलापूरवर टेंभुर्णीकडे जा, नगर-मनमाडवर जा. भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला, खरे तर निम्म्या लेनमध्ये उभी. जादा वजनाने टायर फुटतात आणि भरलेल्या ट्रॉलीखाली जॅक सहज लागत नाही, म्हणून ती तासन्‌तास तिथेच राहते. मागे दिवा नाही. चाकाला दगड लावलेला. ताशी 80 किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर गेले. कोरड्या डांबरावर पुढे थांबायला आणखी पस्तीसेक. झाले जवळपास 70. खाली टाकलेल्या हेडलाइटच्या उजेडात काळपट, न चमकणारी वस्तू दिसते चाळीस-पन्नास मीटरवरून.

उरलेले वीस मीटर कुणाचे?

ट्रॉली निघून गेल्यावर तो दगड रस्त्यातच राहतो. दुसऱ्या दिवशी तो दुचाकीवाल्याला सापडतो. दगडाला नंबरप्लेट नसते, त्यामुळे गुन्हा अज्ञातावर.

हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो. कारखान्याचे आवार, अधिकारी, पदाधिकारी, ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी चिकटवतानाचा फोटो. कार्यक्रम जरूर करा, एका पट्टीनेही जीव वाचतो. पण दुपारी भरायला गेलेल्या ट्रॉलीतून ऊस मागे हातभर लोंबू लागला की पट्टी वाढ्याखाली गडप होते. पट्टी दिसायची तर माल हौद्याच्या आत राहायला हवा. माल आत राहायचा तर वजन कमी भरायला हवे.

फिरून तिथेच आलो. वजन.

मग ड्रायव्हरला झोडपा, तो जोराने गाणी लावतो, त्याला हॉर्न ऐकू येत नाही. गाणी बंद व्हायला हवीत, यात वाद नाही. पण हा वीस-बावीस वर्षांचा पोरगा कारखान्याच्या रांगेत रात्र काढून, अर्धवट झोपेत दुसऱ्या खेपेला निघालेला असतो. ट्रॉली किती भरायची हे तो ठरवतो का? वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो, तोडणी मजूर आणणाऱ्या मुकादमाला दिलेली उचल अडकलेली असते, कधी मुकादम उचल घेऊन पसारही झालेला असतो. अशा माणसाला जादा टन म्हणजे जादा पैसे, असे दरपत्रकच सांगत असेल तर तो कमी भरील कशाला?

जादा वजन ही ड्रायव्हरची मस्ती नाही, तो वाहतुकीचा दर आहे.

कलम 194 मात्र ड्रायव्हरपाशी थांबत नाही. चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघेही त्यात येतात. वाहतुकीचा करार कोण करतो? ऊस उतरवून कोण घेतो? वजन स्वतःच्या काट्यावर करून, स्वतःच्या संगणकावर नोंदवून, स्वतःच्या शिक्क्याने पावती कोण देतो? आणि ‘चालवू देणारा’ शोधायला आपण महामार्गावर ड्रायव्हरची कागदपत्रे चाळतो.

अमेरिकेत सुट्टीला छोटी घरगाडी मोटारीमागे जोडून निघणारी माणसे ट्रकतळावरच्या काट्यावर स्वतःचे पैसे देऊन वजन करतात. कंपनीने छापलेले वजन रिकाम्या गाडीचे असते, पाणी, गॅस, भांडीकुंडी, कपडे भरल्यावर ते पार बदलते, हे त्यांना ठाऊक असते. खरा आकडा कळावा म्हणून ते पदरमोड करतात. आपल्याकडे खरा आकडा प्रत्येक खेपेला फुकट मिळतो, आणि तो फक्त बिलाला लागतो.

ऊस नाशवंत आहे, तोडला की वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, वाटेत उतरवून कसा ठेवणार, असे कारखानदार विचारतील. बरोबर आहे. वाटेत उतरवूच नका, फडात भरतानाच कमी भरा. मुरलेला ड्रायव्हर मोळ्यांचे थर बघून वजनाचा अंदाज सांगतो. आज तो अंदाज जास्तीत जास्त भरण्यासाठी वापरला जातो, उद्या मर्यादेत राहण्यासाठी वापरता येईल.

त्यासाठी नवा कायदा नको. पावतीवर एक ओळ वाढवा: आरसीवरचे कमाल वजन. गाडीचा नंबर संगणकात आहेच, पुढचा आकडा एकदाच भरायचा. ज्या ट्रॉलीला नंबरच नाही, तिचा करारच करू नका. मग दर असा लावा की शेतकऱ्याला काट्यावर भरलेल्या पूर्ण उसाचे पैसे, वाहतूकदाराला मात्र आरसीतल्या वजनापुरतेच. वरचा टन त्याने फुकट वाहावा. कुणी वाहील का? सोबत टनाचा दर वाढवा, म्हणजे कमी भरूनही त्याचा हप्ता निघेल. शेतकऱ्याचा एक पैसाही यात बुडू नये, कारण ट्रॉलीत किती भरायचे हे त्याने ठरवलेले नसते.

खेपा वाढतील, डिझेल वाढेल, तोडणी-वाहतुकीचा खर्च वाढेल. हो, वाढेल. हा खर्च आजही होतोच आहे, फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो दिसतो जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, आणि तो भरतात कारखान्याचे सभासदही नसलेले लोक. वाढीव खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापायचा की साखरेच्या आणि इथेनॉलच्या पैशांतून काढायचा, यावर खुशाल भांडा. ते भांडण तरी जिवंत माणसांचे असेल.

राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात, चांगल्या हंगामात दहा कोटी टनांवर ऊस गाळतात. प्रत्येकाला हंगामाआधी साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो आणि परवान्याला अटी असतात. पावतीवरच्या कमाल वजनाची एक आणि वाहतुकीच्या दराची एक, अशा दोन ओळी त्या अटींत घालायला पुण्याच्या साखर संकुलात एक टंकलेखक पुरे. हंगामाची तारीख ठरवणाऱ्या मंत्री समितीच्या यंदाच्या बैठकीत त्यांचा मसुदा कोण ठेवतो, ते नाव छापायला आम्ही तयार आहोत.