डावीकडची ओढ

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज घेऊन उतरणारा ट्रक पहिल्यांदा पाहणाऱ्याला अर्धा रिकामाच वाटतो. तळाशी लालसर ढीग आणि वर बरीचशी मोकळी हवा. हेमेटाइट पाण्याच्या जवळपास पाचपट जड असतं, त्यामुळे डाला काठोकाठ भरायची सोयच नाही. त्याच रस्त्याने समोरून येणारी एखादी म्हातारी पिकअप मात्र पाहावी. मोहफुलांची पोती, पोत्यांवर बांबूच्या टोपल्या, टोपल्यांच्या आधाराने बसलेली एटापल्लीच्या बाजाराला निघालेली माणसं, आणि त्या माणसांच्या मांडीवर जगाकडे तुच्छतेने बघणारे दोन-तीन कोंबडे. डोंगराचा तुकडा वाहणारा रिकामा दिसतो आणि फुलं वाहणारी ओझ्याने वाकलेली दिसते. या रस्त्यावर दिसण्यावरून काही ठरवू नये.

अशीच एक पिकअप माझ्या ओळखीच्या एका भाऊंची आहे. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला, उन्हाळ्यात मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामाला, एरवी लग्नाला, दवाखान्याला, सिमेंटला, कशालाही ती जाते. परवा तिच्यात बसलो तेव्हा भाऊ स्टिअरिंग उजवीकडे धरून सरळ चालले होते. मी विचारलं तर म्हणाले, "डावीकडं वढते जी." हे त्यांनी खाल्ल्या आवाजात सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. या जिल्ह्यात डावीकडे ओढ असल्याचं चारचौघांत सांगायचं नसतं; सरकारी कागदात त्याला फार लांबलचक नाव आहे. शिवाय स्टिअरिंगमध्ये प्लेही भरपूर होता. चाक फिरवल्यावर तो निरोप टायरांपर्यंत पोचायचा तो ग्रामसभेचा ठराव मंत्रालयात पोचावा तसा, म्हणजे पोचायचा, पण तोवर वळण मागे पडलेलं असायचं.

चहाच्या टपरीवर थांबलो तर निदान करणाऱ्यांची कमतरता नव्हती. एकाने हवा कमी सांगितली. दुसऱ्याने हवा जास्त सांगितली. तिसरा म्हणाला, गाडीत काही नाही, रस्ताच डावा आहे. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता ठेवतात, आणि आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा धडधाकट गाडीसुद्धा हात सोडला की थोडी डावीकडेच घसरते. मला हे ऐकून का कोण जाणे बरं वाटलं. आपल्या प्रत्येक कलण्याला आपणच जबाबदार असतो असं नाही.

शेवटी ज्या मेकॅनिककडे गाडी नेली, तो मात्र रस्त्यावर खापर फोडून मोकळा होणाऱ्यातला नव्हता. त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही, बॉनेट उघडलं नाही. तो पुढच्या डाव्या टायरापाशी उकिडवा बसला आणि रबरावरून तळवा फिरवू लागला. चांभार चपलेची टाच बघून माणूस कसा चालतो ते सांगतो, तसं हे. टायर मधोमध झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजलं तर कमी. एकाच कडेला झिजलं तर चाक उभं नाही, कललेलं आहे. जागोजागी वाट्या पडल्या तर शॉकअप गेले किंवा बॅलन्सिंग बिघडलं. आणि बाहेरून आत हात फिरवताना रबर मऊ लागलं, पण आतून बाहेर आणताना बोटांना धार लागली, तर पुढची दोन्ही चाकं समोरच्या बाजूने नको तितकी एकमेकांकडे वळलेली आहेत; सरळ जाताना ती सारखी रस्त्यावर घासली जातात. त्याने माझा हात धरून तो टायरावर फिरवला. खरंच धार लागली. उजव्या टायरालाही होती, पण किंचित. डाव्याची बाहेरची कड मात्र पार गोटा झाली होती आणि तिच्या बगलेत चिरा होत्या.

माझ्या आजोबांच्या बंडीला असलं दुखणं कधी झालं नाही. बंडीला दोन चाकं, एक आख आणि स्टिअरिंगच्या जागी बैल. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करी, लाकडी चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. वाफेचा आणि जळक्या लाकडाचा तो वास मला अजून आठवतो. ते लोखंडही एकेकाळी घरचंच होतं. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात लोहारा, देवलगावकडच्या खनिजाचं लोखंड कोळशाच्या भट्ट्यांत गाळत, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. भानगड सुरू झाली ती चार चाकांपासून. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून दोघांना वेगवेगळं वळवावं लागतं. ही युक्ती 1817 च्या सुमारास म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याला सुचली. लंडनमध्ये तिचं पेटंट 1818 साली त्याचा तिथला प्रतिनिधी आकरमान याने घेतलं, जो खरं तर चित्रं छापून विकायचा. आज जगभरच्या पुस्तकांत नाव आकरमानचं आहे. म्युनिकच्या त्या माणसाविषयी मला उगाच माया वाटते.

मेकॅनिकने पुढची दोन टायरं आपसात बदलून चक्कर मारायला लावली. ओढ टायरातली असती तर ती आता उजवीकडे गेली असती. गेली नाही. मग त्याने डावा ड्रम चाचपला. ब्रेक धरून राहत असता तर तो तापला असता. थंड होता. शेवटी जॅक लावला. चाक वर-खाली हलवून पाहिलं, बेअरिंग ठीक. आडवं धरून हलवलं तर ते सैल दातासारखं टकटक वाजलं. टाय रॉडचं डावं टोक गेलं होतं आणि रॉडही जरा वाकला होता. हे न बदलता दोरा लावून अलाइनमेंट करणं म्हणजे चार दिवसांचं समाधान, असं तो म्हणाला आणि हत्यारं काढायला गेला.

पण टोक नेमकं डावंच का गेलं? 2021 पासून खनिजाची वाहतूक पुन्हा वाढली आणि ट्रक एटापल्ली, आलापल्लीवरून आष्टीकडे लाल धूळ उडवत जाऊ लागले. डांबर अरुंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने साइड द्यायची. डांबराची कड मुरूम वाहून गेल्याने तुटलेली, वीतभर उंच. भाऊ डावी चाकं खाली उतरवतात, ट्रक जाऊ देतात आणि तीच चाकं कडेला घासत पुन्हा वर चढवतात. प्रत्येक चढणीला टायराच्या बाहेरच्या बगलेचं थोडं कातडं जातं आणि एक दणका टाय रॉडला बसतो. परतीला ट्रक खरोखर रिकामे असतात, तरी भाऊ सवयीने उतरतातच. डावी कड गोटा झाली होती ती अशी, एकेका ट्रकला वाट देऊन.

मेकॅनिकने पाना पुसत विचारलं, "दरवेळी तुम्हीच काहून उतरता भाऊ? एखाद्या वेळी त्याले उतरू द्या ना."

भाऊंना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग म्हणाले, "त्याच्यात लोखंड हाये जी. उतरला तं फसंल बिचारा. माह्या गाडीत मोहफूल."

मेकॅनिकने नवं टोक बसवलं, दोरा ताणून चाकं सरळ केली, आणि जॅक उतरवण्याआधी सांगितलं की टायरं आता बदलली तशीच राहू देतो. "आता ह्याची पाळी. दोन्ही सारखे झिजतीन."