वरची कोथिंबीर

महिन्याच्या किराण्याचं बिल किती झालं, हे आमच्या घरात दुसऱ्या दिवशी कोणाला सांगता येत नाही. पण भाजीवाल्या मावशींनी फुकट टाकलेल्या कोथिंबिरीची बातमी दारातच जाहीर होते. चपला काढता काढता ही म्हणते, "अहो, आज केवढी टाकलीय बघा!" मग मी पेपर बाजूला ठेवून उठतो, पिशवीत डोकावतो आणि "अरे वा" म्हणतो. एवढं म्हणावंच लागतं. काड्या सात-आठ असतात, त्यातल्या दोन पिवळ्या. त्याच पिशवीत 180 रुपयांची रोख भाजी असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

माझं म्हणणं असं, की माणसाला रोजच्या रोज जे थोडंफार सुख लाभतं ते बहुतेक या वरच्या कोथिंबिरीच्या जातीचं असतं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचाही आनंद होतो. पण त्यात हप्ते असतात, वॉरंटी कार्ड कुठे ठेवलं याची शोधाशोध असते, आणि तीच वस्तू शेजाऱ्यांनी दोन हजारांनी स्वस्त घेतल्याची बातमी तर हमखास असते. वर मिळालेल्या वस्तूचं तसं नसतं. ती मुळात बिलातच नसल्यामुळे कोणी तिची तुलना करायला जात नाही.

हे मी म्हणावं याचं आमच्या जुन्या सहकाऱ्यांना हसू येईल. माझी सगळी नोकरी बँकेत, कॅशच्या खिडकीत गेली. तिथे दिवसाअखेर एक रुपया कमी भरला की अख्खी शाखा थांबायची. आणि एक रुपया जास्त निघाला तरीही थांबायची. किंबहुना जास्तीच्या रुपयाचा धाक अधिक. कमी पडलेला रुपया कॅशियर गुपचूप खिशातून घालू शकतो. जास्त निघालेल्याचं काय करायचं? तो कोणाचा, कधीचा, कोणत्या पावतीतला, याचा शोध घेता घेता शेवटची बस चुकायची. संगणक आल्यावर रुपये पटकन सापडू लागले, पण तोवर माझ्या अंगात तो धाक मुरला होता. हिशोबाबाहेर काही हाती आलं की मला दरदरून घाम फुटायचा. असा माणूस निवृत्तीनंतर मंडईत गेला आणि तिथे वरचं मिळणं हा गुन्हा नसून रिवाज आहे हे बघून चक्रावला.

आमची मंडई म्हणजे पुण्याची महात्मा फुले मंडई. आठ कोनांचा मधला भाग, त्यावर उंच मनोरा. 1886 मध्ये ती बांधून झाली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं होतं. गंमत अशी की जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुण्याने त्यांचं ऐकलं नाही, इमारत बांधली, आणि पुढे तिला नाव मात्र त्यांचंच दिलं. पुण्यात विरोधाची नोंद अशी घेतली जाते.

तर या मंडईत आमच्या ठरलेल्या मावशी आहेत. त्या साधारण हिच्याच वयाच्या. पण मंडईतली नाती वयावर ठरत नाहीत. ही त्यांना 'मावशी' म्हणते, त्या हिला 'काकू' म्हणतात, आणि मला दोघी मिळून 'जरा बाजूला व्हा' म्हणतात. बाजूला उभं राहून मी हिची कला बघतो. ही कधीही कोथिंबीर मागत नाही. भाजी घेऊन झाली की पैसे काढायला मुद्दाम वेळ लावते. पिशवीचं तोंड उघडंच ठेवते. मग एक जुडी उचलून नुसती हुंगते, भाव विचारते, "अगं बाई!" म्हणते आणि जुडी अगदी हळुवारपणे जागेवर ठेवते. तोवर मावशींच्या सुनेचं बाळंतपण, गुडघे आणि रिक्षाचं भाडं हे विषय होऊन गेलेले असतात. शेवटी मावशींचा हात आपोआप ढिगाकडे जातो, मूठभर काड्या येतात, वर दोन मिरच्या आणि कडीपत्त्याची एक फांदी. ही म्हणते, "अहो मावशी, कशाला उगीच!" हे 'उगीच' फार महत्त्वाचं. ते म्हणेपर्यंत कोथिंबीर पिशवीच्या तळाशी पोचलेली असते.

ही गावाला गेली होती तेव्हा मी एकटा गेलो. आडवळण मला जमत नाही, म्हणून सरळ विचारलं, "मावशी, थोडी कोथिंबीर देता का?" मावशींनी अख्खी जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वीस रुपये."

पूर्वी या वरच्या सुखाला यंत्राचाही आधार होता. हातातली तागडी. एका पारड्यात लोखंडी वजन, दुसऱ्यात बटाटे. दांडी सरळ झाली की कायद्याने काम संपलं. पण खरा व्यवहार तिथून पुढे सुरू व्हायचा. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, नुसतं दांडीकडे बघायचं. मग विक्रेता आणखी एक बटाटा टाकायचा, पारडं आपल्या बाजूला धपकन खाली यायचं, आणि ते पुन्हा वर यायच्या आत पिशवीत रिकामं व्हायचं. वजन करणारा मापात काय करतो हे त्याचं त्याला ठाऊक. वजनांवर दर दोन वर्षांनी सरकारी शिक्का लागतो तो काही उगीच नाही. 2009चा वैध मापन कायदा कमी देणाऱ्याला धरतो. जास्त दिलं म्हणून कोणाला दंड झाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या शेवटच्या बटाट्यासकट वजन पुरतं किलोभर भरत होतं की नाही, हे घरी येऊन कोणी तपासलं नाही. तो बटाटा आपला होता, बस्स.

आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे. तो 1 किलो 15 ग्रॅम असा आकडा लाल अक्षरांत दाखवतो. विक्रेता तो आकडा बघतो, मीही बघतो, आणि मग तो एक मोठा टोमॅटो उचलून त्याच्या जागी छोटा ठेवतो. खरं तर यात माझं काहीच नुकसान नाही. मी किलोचे पैसे देतो, मला किलो मिळतो. तरीही तो मोठा टोमॅटो परत ढिगात जाताना मला जो विरह होतो, तो मी इथे लिहिणार नाही, घरचे वाचतात.

दुधाचंही तेच. गवळी दारात यायचा तेव्हा माप भरून भांड्यात ओतल्यावर किटलीतून थोडं वर घालायचा. आईचा चेहरा त्या वरच्या धारेने खुलायचा. गवळ्याने घरून निघताना दुधात घातलेलं पाणी आणि दारात घातलेलं वरचं दूध, यांची वजाबाकी तिने कधी केली नाही. पिशवीतलं दूध अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटर. कापताना चार थेंब ओट्यावर सांडतात, म्हणजे उलट आपणच वर देऊन बसतो.

परदेशात या विषयावर प्रयोगही झाले आहेत. 1972 साली अॅलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन या दोन संशोधक बायकांनी अमेरिकेत सार्वजनिक फोनच्या परत-नाण्याच्या खोबणीत दहा सेंटचं नाणं ठेवून दिलं. फोन करून झाल्यावर सवयीने बोट घालणाऱ्याला ते मिळे. तेवढ्यात एक बाई समोरून जाताना हातातले कागद पाडायची. नाणं मिळालेल्या 16 जणांपैकी 14 जणांनी कागद उचलायला मदत केली. न मिळालेल्या 25 जणांपैकी फक्त एकाने. दहा सेंटांत एवढी माणुसकी स्वस्तच म्हणायची. पुढे इतरांनी असाच प्रयोग केला तेव्हा हा फरक काही सापडला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. नाणं मिळतं अशी बातमी एकदा फुटली, की लोक खोबणीत बोट घालायलाच फोन करणार. आणि ठरलेलं नाणं मिळालं म्हणून कोण कोणाचे कागद उचलतो?

याच कारणाने 'एकावर एक फ्री'चा मला आनंद होत नाही. त्या दुसऱ्या शर्टाची किंमत पहिल्यात घातलेली असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो दुसरा शर्ट बहुधा भलत्याच रंगाचा निघतो. अनलिमिटेड थाळीचंही तसंच. तिथे चौथी पुरणपोळी वाढतात तेव्हा आपण खूश होत नाही, कामाला लागतो. भरलेले पैसे वसूल करणं हे सुख नव्हे, ती ओव्हरटाइमची नोकरी.

त्या मानाने पाणीपुरीवाला थोर. प्लेट संपते, द्रोण हातात असतो, आणि गिऱ्हाईक जागचं हलत नाही. गृहकर्जाचे किती हप्ते राहिले हे ज्यांना बायकोला विचारावं लागतं, ते गृहस्थ प्लेटीतल्या पुऱ्या मात्र चोख मोजतात. शेवटी भय्या एक सुकी पुरी मसाला भुरभुरून हातावर ठेवतो. ती पुरी चवीला बाकीच्यांपेक्षा साधीच असते: तिच्यात पाणी नाही, बेताचा बटाटा. पण ती खाताना डोळे मिटतात ते बघा. मी चांगल्या सोन्याच्या बांगड्या घातलेल्या बाईंना ती सुकी पुरी राहिली म्हणून गाडीतून उतरून परत येताना पाहिलं आहे. त्यांनी ती घेतली, उभ्याने खाल्ली आणि मगच गाडी सुरू झाली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्याला कारण समजलं असावं.

एसटीने तर याच्याही पुढची पायरी गाठली होती. आपलेच पैसे आपल्याला परत मिळण्याचा आनंद. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे राहिलेली रक्कम लिहून द्यायचा. मग खिडकीबाहेरचा घाट, धबधबा, काही दिसत नसे. सगळा प्रवास त्या आकड्याकडे आणि कंडक्टरच्या चामडी पिशवीकडे बघण्यात जायचा. उतरण्याआधी पैसे हातात आले की लॉटरी लागल्यासारखं वाटे. आता क्यूआर कोड आहे, पैसे बरोबर तेवढेच जातात. सोयीचं आहे, मीही तोच वापरतो. पण त्यात परत मिळण्यासारखं काही उरत नाही.

हे सगळं जुन्या लोकांचं रडगाणं आहे असं माझ्या मुलाचं मत. त्याला उत्तर द्यायला मला 2024चा मे महिना कामी येतो. मुंबईत एका आईने ब्लिंकिट या ॲपवरून भाजी मागवली आणि कोथिंबिरीचे वेगळे पैसे लागलेले बघून तिला धक्काच बसला. तिच्या मुलाने ते समाजमाध्यमावर लिहिलं, ठरावीक भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्या असं आईचं म्हणणं आहे म्हणून सांगितलं. कंपनीच्या प्रमुखांनी ते मान्य केलं आणि फुकट कोथिंबीर सुरू झाली, वर लोकांनी त्या आईचे आभार मानावेत असंही त्यांनी लिहिलं. भारतातल्या ऑनलाइन व्यापाराचा इतिहास कोणी लिहिला तर या बाईंना त्यात एक स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं. एवढी गुंतवणूक, एवढी गोदामं, दहा मिनिटांत घरपोच येणारी माणसं, आणि शेवटी अडलं कुठे, तर मंडईतल्या मूठभर काड्यांपाशी.

मुलगा म्हणाला, "मग झालं ना, बाबा! आता घरबसल्या मिळते." मिळते खरी. पण ती एखाद्या वेळी नाही आली तर तो लगेच फोनवर तक्रार नोंदवतो, आणि बरोबरच आहे, कारण ती आता कबूल केलेली वस्तू आहे. मावशींनी एखाद्या दिवशी नाही टाकली तर हिने तक्रार कुठे नोंदवायची? घरी आल्यावर माझ्याकडे. "तुम्ही मध्येच घड्याळ कशाला बघितलंत? त्यांना वाटलं आपण घाईत आहोत." मूठभर काड्या गेल्याचं खापर माझ्यावर फुटतं, आणि पुढच्या वेळी मला घड्याळ घरी ठेवून जावं लागतं.

वाचकांना एवढंच सांगणं, की पावसाळ्यात कोथिंबीर वर मागू नका. पावसाने ती शेतातच सडते, आवक घटते, जुडीचा भाव भलताच चढतो आणि मावशींना नाही म्हणणं जिवावर येतं. त्या दिवसांत त्या कडीपत्ता देतात, तो मुकाट्याने घ्या. आणि भेंडीच्या भावात घासाघीस करून पाच रुपये कमी करून घेतले असतील, तर त्या दिवशी पिशवीचं तोंड बंद करून घरी या. पाच रुपये आणि कोथिंबीर दोन्ही एकाच फेरीत मिळत नाहीत.