डोक्याचे मालक

रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या दीड तासात पट्टीश्वरमच्या दुर्गेपुढे लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावायला झुंबड उडते, आणि रायरमामांच्या घराचं दार बंद असतं. या वेळेत मामा उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. "उगाच डोक्यावर संकट कशाला ओढवून घ्यायचं?" सहा वाजून एक मिनिटानं मात्र तेच मामा फटफटीला किक मारतात आणि उघड्या टाळूनं, बसगाड्यांना हूल देत, कॉफीपूड आणायला कुंभकोणमला जातात. हेल्मेट बरोबर असतं. ते कोपरात अडकवलेलं असतं. मामांच्या कोपराला आजवर खरचटलेलंही नाही.

असे मामा गावोगाव आहेत. हे आपले पट्टीश्वरमचे. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्या काळापासून कावेरीकाठी रुजलेल्या मराठी घरांपैकी एका घरातले. तमिळ शेजारी अशांना 'रायर' म्हणतात. मामांची मराठी जुनी, सांबार तमिळ आणि हट्ट अस्सल पुणेरी. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नातेवाइकांचा नव्हे. "तुमच्याकडे हेल्मेटसक्तीविरुद्ध समिती आहे म्हणे?" आहे म्हटल्यावर, काशीहून गंगा आणल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामा तरुणपणी मॅटिंगच्या खेळपट्टीवर सलामीला जात. हेल्मेट कधी घातलं नाही. कपाळावर उजवीकडे एक खोक आहे. ती कुणा वेगवान गोलंदाजाची देणगी. हा गोलंदाज दर वर्षी थोडा जास्त वेगवान होतो. "न्हाणीघराची चौकट," मामी आतून सांगतात. "ठेंगणी आहे. दोनदा लागली."

मामांचं तत्त्व एका वाक्यात मावतं : माझ्या डोक्याचा मालक मी. या धर्माचे दोन देव. एक व्हिव्ह रिचर्ड्स, च्युइंगगम चघळत, टोपी घालून येणारा. दुसरे सुनील गावसकर. १९८३, जॉर्जटाउन. मार्शलचा चेंडू गावसकरांच्या कपाळावर आदळला, तरी ते उभे राहिले आणि १४७ वर नाबाद परतले. हे सांगताना मामा स्वतः नाबाद असल्यासारखे छाती काढतात.

"पण मामा, त्यानंतर त्यांनी डोक्यावर कवचाची टोपी चढवली."

"टोपीच ना? हेल्मेट नव्हे!"

तमिळमध्ये हेल्मेटला 'तलैक्कवसम्' म्हणतात, म्हणजे शिरकवच. मामांना शब्द आवडतो, वस्तू नाही. कवच त्यांच्याकडे आधीच आहे. रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतात, आणि तिच्यात रक्षणाची सुरुवात डोक्यापासूनच होते. "डोकं राघवाकडे, कपाळ दशरथाच्या मुलाकडे. एवढी फील्डिंग लावल्यावर आणखी कशाला हवं?" मार्गळी महिन्यात मात्र रामरक्षेवर भागत नाही. पहाटे जरा दव पडलं की मामा डोळे तेवढे उघडे ठेवून लोकरीची माकडटोपी चढवतात आणि वर मफलर गुंडाळतात. थंडी कानातून शिरते. चेंडू कुठून शिरतो, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं १ जुलै २०१५ पासून तमिळनाडूत दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं झालं, तेव्हा मामांनी ते आणलं, सुतकात पांढरं नेसावं तशा चेहऱ्यानं. घरी ते उलटं टांगलेलं असतं आणि मामी त्यात सांबाराचे छोटे कांदे ठेवतात.

क्रिकेटच्या नियमांत मामांचा सुवर्णकाळ एकच, २०१७ नंतरचा. तेव्हा आयसीसीनं ठरवलं की फलंदाजानं हेल्मेट घालायचं तर ते नव्या ब्रिटिश मानकाचंच हवं. मुळात घालायलाच हवं, असं मात्र नाही. मामा हर्षभरित झाले. सोवळं नेसायचं तर रेशमीच, नाहीतर उघडे या! पण जून २०२३ मध्ये तेही गेलं. वेगवान गोलंदाजी खेळताना, यष्टींलगत उभं राहून यष्टिरक्षण करताना आणि फलंदाजासमोर जवळ क्षेत्ररक्षण करताना हेल्मेट सक्तीचं झालं. मामांनी त्या रात्री जेवणात भात नको म्हटलं. तंजावर जिल्ह्यात याला गंभीर आजार समजतात.

नरी कॉन्ट्रॅक्टर हे नाव निघालं की मात्र मामांचा आवाज उतरतो. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताच्या या कर्णधाराला लागलेला ग्रिफिथचा चेंडू, फुटलेली कवटी, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलनं दिलेलं रक्त. पुढे डोक्यात धातूची पट्टी बसवली ती आपल्याच वेल्लोरला. "तेव्हा हेल्मेट होतंच कुठे? निवडणार काय?" मामा म्हणतात, आणि हे खरं आहे. निवड करायला दुकानात दोन वस्तू लागतात. त्याच ब्रिजटाउनला सोळा वर्षांनी ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या गर्दीतही मामा असणारच.

मग मी भारताचे माजी फलंदाज रमण लांबांचं सांगितलं. फेब्रुवारी १९९८, ढाका. लांबा शॉर्ट लेगला उभे होते. कर्णधारानं हेल्मेटचं विचारलं. षटकाचे तीनच चेंडू उरलेत, राहू दे, म्हणाले. फटका कपाळावर बसला. तीन दिवसांनी गेले. वय ३८.

मामा काही बोलले नाहीत. मामींनी डिग्री कॉफीचा पेला पुढे ठेवला आणि त्या म्हणाल्या, "डोकं ह्यांचं, मान्य. पण इस्पितळात उशाशी कुणी बसायचं, हे कधी विचारलंय का ह्यांनी?"

"सरि, सरि," म्हणत मामा उठले. त्या रात्री नातवाची किटबॅग उघडी दिसली. मामा त्यातल्या हेल्मेटची वादी ओढून बघत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "बक्कल तमिळनाडूचं की पंजाबचं, तेवढं बघत होतो."

दुसऱ्या दिवशी आनी या तमिळ महिन्यातला मुत्तुपंदल, म्हणजे मोत्यांच्या मांडवाचा उत्सव, होता. पट्टीश्वरमची कथा अशी की शैव संत संबंधर लहानपणी भर उन्हात दर्शनाला येत होते, तेव्हा शिवानं त्यांच्या डोक्यावर धरायला मोत्यांचा मांडव पाठवला. आणि पोर लांबूनच नजरेला पडावं म्हणून वाटेत बसलेल्या नंदीला बाजूला सरकायला सांगितलं. तो आजही जरा सरकूनच बसलाय.

"बघा," मामी म्हणाल्या, "देवानं विचारलं का, मांडव हवा की नको? संबंधर म्हणाले का, डोकं माझं आहे?"

"तो देवानं पाठवला," मामा गरजले. "दुबईत बसलेलं मंडळ काय देव आहे?"

मिरवणूक निघाली. ऊन असं की दगडावर डोसा भाजावा. दहा पावलं गेल्यावर मामा दिसेनात. पाहिलं, तर संबंधरांच्या मूर्तीला अगदी खेटून, मोत्यांच्या मांडवाखाली, घामेजलेली टाळू ऐन मध्यभागी ठेवून चालले होते.

"मामा, हे काय?"

"ही सक्ती नव्हे रे," मामा म्हणाले. "सावली आहे."

माझंही डोकं तापलं होतं. म्हटलं, मग जरा सरका, मलाही येऊ द्या. या गावचा नंदीसुद्धा सांगितल्यावर सरकला होता. मामा तसूभरही सरकले नाहीत.