उजव्या हाताचे नाना

चिखलोलीत कुणी नवी सायकल आणली, की पेढा तोंडात टाकण्याआधी नाना तिचा उजवा ब्रेक आवळतात आणि सायकल पुढे रेटतात. पुढचं चाक जागीच अडून मागचं वर उचललं गेलं, की त्यांचा चेहरा फुलतो. ‘घर वळणाचं आहे,’ असं म्हणून ते पेढा घेतात. दुसरा मागून घेतात.

नाना अंबरनाथच्या एमआयडीसीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले. त्यांची काळी सायकल मात्र अजून नोकरीत आहे. तिच्या ब्रेकला तारा नाहीत, लोखंडी काड्या आहेत. उजवी पुढच्या चाकाला, डावी मागच्या. ‘प्रसाद उजव्या हातात घेतात. मग पुढचं चाक डाव्या हाताला देणारे आपण कोण?’ हा झाला धर्मशास्त्राचा भाग. यंत्रशास्त्र वेगळं. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं थांबवतं ते पुढचं. मागचं नुसतं घसरतं. तिसरा भाग वाहतुकीचा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढायचा. मागे उरलेल्या एकट्या डाव्या हाताने पुढचा ब्रेक करकचला, तर स्वार हँडलवरून पुढे! म्हणून डाव्या हाती मागचा. जपान, ऑस्ट्रेलियातही हीच रीत. इंग्लंडने तर २०१० च्या नियमांत ते लिहूनच ठेवलंय. अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूने जातात, डावीकडे वळताना डावा हात दाखवतात; म्हणून तिथला सरकारी नियमच उलटा, पुढचा ब्रेक डावीकडे. हे सांगताना नाना आवाज खाली आणतात. घरातल्या बायकामुलांनी ऐकू नये असं काहीतरी त्यात आहे.

हे सगळं शास्त्र हात दाखवण्यावर उभं आहे, आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर हात दाखवणारे एकटे नाना. ते वळायला हात काढतात आणि मागची रिक्षा कचकन थांबते. ‘कुठं जायचं, काका?’ नाना खाली उतरून त्याला पहिल्यापासून समजावतात. मागे बदलापूरपर्यंत जाणारी वाहनं भोंगे वाजवत ऐकतात.

पावसाळ्यातल्या रविवारी बारवी धरणाकडे निघालेले हेल्मेटवाले सायकलस्वार चहाला थांबले, की नाना टपरीवर हजर. एकदा एका महागड्या सायकलचा डावा ब्रेक दाबला, तर पुढचं चाक अडलं.

‘ही कुठली?’

‘यूएसए.’

‘उल्हासनगर?’

मालक दुखावला. ‘अमेरिकेची आहे, काका.’

‘मग उल्हासनगरची बरी. ते निदान ब्रेक तरी योग्य बाजूला लावतात.’

गेल्या जुलैत न्यू जर्सीचा भाचा सुट्टीवर आला, तो घडीची सायकल बॅगेत घालून. रात्री घर झोपल्यावर नाना पाना-पक्कड घेऊन बसले. दोन्ही तारा सोडवल्या, अदलाबदल करून कसल्या, ब्रेकरबरं पुसली आणि गुप्तदानाच्या समाधानात झोपले.

सकाळी भाचा चिखलोली धरणाकडे निघाला. उतारावर म्हैस आडवी आली. त्याने मागचा समजून उजवा ब्रेक जोरात दाबला. सायकल म्हशीच्या अलीकडे थांबली. भाचा बाजूच्या भातखाचरात थांबला.

‘मामा, ब्रेक कुणी बदलले?’ अंगणात पाणी ओतून घेत तो ओरडला.

‘बदलले नाहीत रे, सुधारले.’

‘माझ्या हाताला दुसऱ्या बाजूची सवय आहे!’

‘तेच म्हणतोय मी. तिकडं राहून हाताला नाही त्या सवयी लागल्या. आणि थांबली ना सायकल? मागच्या ब्रेकने थांबली असती?’

‘सायकल थांबली हो,’ मामी ओट्यापासून म्हणाल्या, ‘पोरगं थांबलं नाही.’

हा मुद्दा यंत्रशास्त्राला धरून असल्यामुळे नाना गप्प बसले. संध्याकाळी त्यांनी तारा पुन्हा पूर्वीसारख्या लावल्या. पण उजव्या मुठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘मागचा’ असं रंगवलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘नाइलाजाने’.

सध्या नाना चिखलोली स्टेशनच्या कामावर नजर ठेवून आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या मधलं हे स्टेशन व्हायचंय, तिथे गाडी थांबायचीय. पण प्लॅटफॉर्म कोणत्या हाताला येणार, हे नानांनी मुकादमाला विचारून घेतलंय. परवा कर्जत लोकलने अंबरनाथ सोडलं, तसा त्यांनी दारातल्या एका कॉलेजच्या पोराचा दंड धरून त्याला समोरच्या दाराकडे वळवलं.

‘अहो, मला बदलापूरला उतरायचंय!’

‘आज बदलापूरला उतर. पण सवय आत्तापासून लाव. चिखलोली त्या बाजूला येणारे.’