वरचा फोटो, खालची धावपळ

हौशी छायाचित्रकारांत एक पोटजात अशी आहे, की फोटो निघतो तेव्हा हा गडी कॅमेऱ्यापासून तीस किलोमीटर खाली, गाडीत अँटेना धरून बसलेला असतो. ब्रिटन-अमेरिकेत तो मुबलक. लॅटेक्सचा फुगा, त्यात हेलियम, खाली पॅराशूट आणि थर्माकोलच्या डब्यात कॅमेरा, एवढ्या भांडवलावर तो पृथ्वीचा फोटो घ्यायला निघतो. २००९ मध्ये एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी हे सुमारे दीडशे डॉलरांत करून दाखवलं आणि घरोघरच्या गॅरेजांत ही साथ पसरली. त्यांचा डबा मुळात बिअर गार ठेवायचा. वरच्या थंडीत बॅटरी गारठू नये म्हणून त्यात हात शेकायच्या पुड्या कोंबल्या होत्या. २०१४ पासून ‘ग्लोबल स्पेस बलून चॅलेंज’ ही स्पर्धाही सुरू झाली आणि तीत उत्तम छायाचित्राला बक्षीस ठेवलं गेलं. माझं म्हणणं एवढंच, की हे बक्षीस भलत्याच गुणाला मिळतं. या माणसाची कला फोटो काढण्यात नाही, तो परत आणण्यात आहे.

पुरावा डब्यातच आहे. एमआयटीवाल्यांचा कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपला आपण फोटो घेत होता. दोरीला टांगलेला डबा गरगरतो, त्यामुळे चौकटीत काय यावं हे वारा ठरवतो: कधी ढग, कधी दोरीच, कधी नुसता सूर्याचा भगभगाट. आता खालचं काम पाहा. आदल्या रात्री वाऱ्याचे अंदाज संगणकात घालून तो डबा कुठे पडेल ते काढतो. इंग्लंडात पूर्वेकडे समुद्र फार लवकर लागतो, तेव्हा वरचा वारा जोरात असला की उड्डाण रद्द. घरातला साखरपुडासुद्धा याच अंदाजावर ठरावा, असं त्याचं मनोमन मत असतं. पुढे काही जीपीएस अठरा किलोमीटरच्या वर मुके होतात, कारण क्षेपणास्त्रात कुणी वापरू नये म्हणून त्यांना तशी मर्यादाच घातलेली असते. यंत्राला आपण क्षेपणास्त्रात बसल्याचा संशय येतो आणि खाली हा नखं खात बसतो. वर हवेचा दाब शंभरातला एक भाग उरला, की फुगत गेलेलं लॅटेक्स फाटतं आणि डबा कुणाच्या तरी रानात उतरतो. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘धोका नाही, कृपया फोन करा.’ मग फाटकाशी उभं राहून, कुत्रं भुंकत असताना, ‘माझा कॅमेरा आभाळातून तुमच्या मेंढ्यांत पडलाय’ हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणायचं. शटर दाबण्यापेक्षा हे अवघड आहे.

कुणी म्हणेल, हजारो फोटोंतून एक निवडणं हीही कलाच की. मान्य, पण तो निवडतो काय, ते बघा. रुंद कोनाच्या भिंगाने क्षितिज चौकटीच्या वरच्या भागात आलं तर पृथ्वी हवी तशी गरगरीत दिसते. खालच्या भागात आलं तर तीच पृथ्वी वाडग्यासारखी खोलगट होते. डोळे मिटलेले फोटो लग्नाच्या अल्बममधून काढून टाकावेत, तशा या खोलगट पृथ्व्या तो गुपचूप वगळतो. दुसरा आक्षेप जरा खवचट आहे: अंतराळ मानलं जातं शंभर किलोमीटरपासून, मग तिसावर फुटणाऱ्या फुग्याचं एवढं कौतुक कशाला? ही उंची त्याला पाठ असते, म्हणून तो ‘अंतराळाच्या सीमेवर’ असं मोघम बोलतो. आणि नासाचे याहून सरस फोटो फुकट मिळतात, असं सांगून त्याला नमवता येईल असं वाटत असेल, तर तोही भ्रम. नासाच्या फोटोसाठी कुणी काटेरी कुंपण ओलांडलेलं नसतं. अर्थात परीक्षकांचाही इलाज नाही. त्यांच्या टेबलावर निळी कड आणि काळं आभाळ येतं, फाटलेली पँट येत नाही. माझ्या हाती असतं, तर मी गुण देताना आधी शेतकऱ्याची साक्ष काढली असती.