जुईचा आधार

"साहेब, गाडी फोर बाय फोर आहे," एजंट म्हणाला आणि माझी घासाघीस तिथंच संपली.

वास्तविक मी सतरा मुद्दे कागदावर लिहून नेले होते. चॅसीला गंज आहे का, पाट्यांना तडा आहे का, धूर निळा येतो की काळा. पण समोर जिप्सी उभी होती. १९९८ चं पासिंग, तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, वर कापडी टप. रंग कच्च्या घेवड्याचा. अस्सल मिलिटरी हिरवा खाजगी गाडीला चालत नाही, पण चालला असता तर मी पगडीऐवजी हेल्मेट घालून मुलाच्या मुंजीत बसलो असतो, असा माझा स्वभाव. जिप्सी १९८५ साली बाजारात आली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहीच्या मागच्या पानावर तिची चित्रं काढायचो. मागच्या पानांना सतरा मुद्दे माहीत नसतात.

मी टायरला लाथ मारली. जुनी गाडी घेणारा प्रत्येक माणूस मारतो. टायरला त्यानं काही होत नाही, मला जरा लागलं.

"मागच्या सीटखाली गोणपाटात एक लोखंडी पाइप आहे," पैसे मोजता मोजता एजंट म्हणाला. "मालकानं दिलाय. असू द्या, कामाला येईल."

मग फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचा पर्यावरण कर, पीयूसी, आणि प्रत्येक खिडकीवर 'झेरॉक्स कुठंय?' हा एकच प्रश्न. ते प्रवासवर्णन वेगळं लिहावं लागेल. त्यात चढ जास्त आहेत.

गाडी घरी आली तेव्हा बायकोनं गॅलरीतून पाहिलं आणि विचारलं, "हिला काचा नंतर बसवणार का?" गोणपाट मात्र तिला आवडलं. आतला पाइप हातभर लांब, दोन्ही टोकांना जाड चकत्या, त्यामुळे कुंडीत उभा केला की हलत नाही. तिची जुई कित्येक दिवस आधार शोधत होती. आठवड्याभरात वेल पाइपावर चढला, मला शाबासकी मिळाली आणि विषय मिटला.

पुढचे तीन महिने मी सोसायटीत फक्त व्याख्यानं दिली. जिप्सीला गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. टू-एच म्हणजे मागची दोन चाकं ओढतात, फोर-एच म्हणजे चारी, फोर-एल म्हणजे चारी आणि तीही बैलाच्या जिद्दीनं, सावकाश. हे मी वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पाण्याच्या टँकरवाल्याला दोनदा सांगितलं. "लावून दाखवा की," असं कोणी म्हणालं तर मी शांतपणे हसायचो. कोरड्या डांबरावर फोर-एच लावायचं नसतं, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर पिळवटतात. हे शंभर टक्के खरं आहे. त्यामुळे दाखवायची वेळ कधी आली नाही.

ती आली जुलैत. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, एकदा चिखलात घाला ना." रविवारी पहाटे निघालो. बायको पुढं, मेव्हणा मागच्या आडव्या बाकावर. चारी चाकांना पाटे असलेल्या गाडीत मागं बसणं ही बसण्याची क्रिया नव्हे, अधूनमधून बाकाला स्पर्श करण्याची आहे. नसरापूरला त्यानं सुरू केलेलं वाक्य मार्गासनीला संपलं, आणि त्याचं क्रियापद वाटेत कुठंतरी पडलं होतं. वेल्ह्यात मिसळ खाल्ली. तोरणा ढगात होता. तो कुठल्या बाजूला आहे ते मी बोटानं दाखवलं, हॉटेलवाल्यानं माझं बोट धरून दुसरीकडं वळवलं.

केळदच्या पुढं मढे घाट. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव सिंहगडाहून उमरठ्याला याच वाटेनं नेलं, म्हणून हे नाव, असं सांगतात. डांबरी रस्ता थेट जवळ जातो, पण डांबर हा मला आता अपमान वाटत होता. डावीकडं एक गाडीवाट भातखाचरांच्या कडेनं उतरत होती. मी वळलो. छोटा दांडा फोर-एचवर ओढला. डॅशबोर्डवर दिवा लागला. तो दिवा पाहून मला झालेला आनंद मी कुणाला सांगणार नाही.

चाळीस पावलांवर गाडी थांबली. मागची चाकं फिरत होती, पुढची निसर्ग बघत होती. मी फोर-एल लावलं. इंजिन भयंकर गुरगुरलं, मागची चाकं एक वीत खाली गेली आणि मेव्हण्याच्या अंगावर चिखलाचा असा पडदा आला की तो कोण आहे हे आवाजावरूनच ओळखावं लागलं.

"घाटाचं नाव आधी वाचलं होतं ना?" बायकोनं विचारलं.

शेजारच्या खाचरात बैलांची चिखलणी चालली होती. तिथल्या लोकांनी काम थांबवलं नाही, फक्त तोंडं आमच्याकडं ठेवून चालू ठेवलं. मग खताच्या पिशवीची खोळ पांघरलेला एक म्हातारा बांधावरून आला. मिशा इस्त्री केल्यासारख्या. सगळे त्याला मेजर म्हणत होते. फौजेतून हवालदार म्हणून परत आला तरी गावात माणूस मेजरच होतो.

"हब लॉक केलं का?"

"हब?" मी म्हणालो. तीन महिन्यांच्या व्याख्यानांत हा शब्द एकदाही आला नव्हता.

त्यांनी पुढच्या चाकाच्या मधोमध बसलेला चिखल अंगठ्यानं पुसला. खाली एक गोल बटण निघालं. "फ्रीवर हाय. दांडा ओढून काय उपेग? खाली उतरून दोन्ही चाकांची बटनं फिरवाया लागत्यात. मी फौजेत एकवीस वरसं हीच चालवलीया." त्यांनी दोन्ही बटणं करकरत फिरवली. "आता घ्या."

मी घेतलं. मागची चाकं आणखी चार बोटं खाली गेली.

मेजर गप्प झाले. खोळ चिखलात अंथरली आणि गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग खालून आवाज आला, अगदी मयताच्या घरी बोलतात तसा. "साहेब, ह्याला पुढचा शाफ्टच न्हाई."

"म्हणजे?"

"पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडा. क्रॉस झिजलं की खडखड करतोय, मग लोकं खर्च टाळाया काढून ठेवत्यात. एवढा असतोय." चिखलानं माखलेले दोन हात गाडीखालून बाहेर आले आणि एकमेकांपासून हातभर अंतरावर थांबले. "दोन्ही टोकाला चकती. चकतीला चार भोकं."

पाऊस पडत होता. मला तो ऐकू येईनासा झाला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "जुई."

चिखलणीची बैलजोडी सोडून आणली. नाडा पुढच्या बंपरखालच्या हुकाला बांधला. बैलांना ना दांडा ओढावा लागला ना बटण फिरवावं लागलं, आठही पाय कायमचे ड्राइव्हमध्ये. तीन हाकांत गाडी वर आली. मेव्हण्यानं या सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि आम्ही वेल्ह्यात पोचायच्या आत तो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. पहिला अंगठा टँकरवाल्याचा होता. तो ग्रुपमध्ये कसा, हे मला अजून कळलेलं नाही. मेजरनी पैसे घेतले नाहीत. "बैलांना पेंड घ्या," म्हणून मी नोट पुढं केली, तेव्हा मात्र बैलांच्या वतीनं घेतली.

रात्री गॅलरीत टॉर्च लावून पाहिलं. चकती होती. चार भोकं होती. एका भोकातून जुईचा शेंडा बाहेर आला होता आणि त्याला कळ्या होत्या.

"खबरदार," आतून आवाज आला. "आधी तिला दुसरा आधार आणा, मग काय न्यायचं ते न्या."

सकाळी आठला मी बांबूवाल्याच्या दारात उभा होतो. त्यानं दोन-तीन काठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"फोर व्हील ड्राइव्हसाठी," मी म्हणालो.