बोर्डावर नावं टाकणारे भाऊ

शेतपंपाच्या ऑटो स्विचचे सर्किट बोर्ड घरी बनवणारे भाऊ तालुक्याच्या गावात एक तरी असतातच. मानोऱ्यातल्या अशाच एका भाऊंचे दुकान चालते ते विजेच्या कृपेने. थ्री फेज केव्हा येईल याचा नेम नाही. आली की मोटर आपोआप सुरू व्हावी आणि एखादा फेज गेला की जळण्याआधी बंद पडावी, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. भाऊंची अपेक्षा मात्र बोर्ड वाचता यावा अशी असते.

तांब्याचा पत्रा चढवलेली शीट फेरिक क्लोराइडमध्ये कोरून निघाली, भोके पडली, की शहाणा माणूस पार्ट लावायला घेतो. भाऊ त्या वेळी पार्टांची नावं छापायला बसतात. पांढरी यूव्ही शाई छोट्या सिरिंजमध्ये मिळते. ती हवेने वाळत नाही. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तिची रसायने एकमेकांना जखडून घट्ट होतात. उन्हातही हा प्रकाश असतो. त्यामुळे मे महिन्यात दुकानाचे दार अर्धे लोटलेले, सिरिंज काळ्या पिशवीत आणि आत पिवळा दिवा, असा सगळा गूढ कारभार चालतो.

पुढची पद्धत ठरलेली आहे. पारदर्शक फिल्मवर पार्श्वभूमी काळी आणि अक्षरे कोरी छापतात, तीही उलटी, म्हणजे छापलेली बाजू खाली ठेवली की वरून सुलटी दिसतात. बोर्डावर शाईचा पातळ थर, त्यावर फिल्म, त्यावर काच. दाब नीट हवा, कारण हवेतला ऑक्सिजन मध्ये आला की शाई चिकट राहते. थर जाड झाला तर पांढरा रंग प्रकाश अडवतो. वरून घट्ट आणि खालून ओली राहिलेली अक्षरे मग पापुद्र्यासारखी निघतात. प्रकाशासाठी नखांचे जेल पॉलिश पक्के करणारा दिवा ब्यूटी पार्लरवाल्या ताईंकडून उसना येतो. लग्नसराईत ताई तो परत मागतात, तेव्हा भाऊंचे उत्पादन बंद असते. शेवटी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसले की कच्ची शाई निघून जाते आणि अक्षरे उरतात.

सगळी उरत नाहीत, हीच अडचण. कारखान्यात एक मिलिमीटर उंचीची रोमन अक्षरे सहज उठतात. भाऊंना मराठीच हवी असते, आणि मराठीत अनुस्वार असतो. टिंब एवढेसे, तिथे प्रकाश कमी पडतो आणि पहिल्याच बोळ्यात ते निघून जाते. ‘पंप’ छापायला घेतला की ‘पप’ निघतो. भाऊ सगळे पुसतात आणि पुन्हा शाई लावतात. दारात हरभऱ्याला पाणी द्यायचा खोळंबलेला शेतकरी उभा असतो. त्याच्या नाकासमोर बोर्ड धरून भाऊ विचारतात, “वाचता येते का?”

“वाचता येते भाऊ, पन मोटर चालीन का?”

मोटरचा विषय अनुस्वारानंतर निघतो. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, दुरुस्तीसाठी ॲम्प्लिफायर घेऊन माणसे ताटकळतात, आणि भाऊ भिंगातून टिंब शोधत असतात. छंद घरातही पसरतो. देवघरातल्या दिव्यांच्या माळेच्या अडॅप्टरवर ‘देव, १२ व्होल्ट’ असे स्वच्छ छापलेले असते. मिठाच्या डब्यावरचे नाव मात्र टिकत नाही, कारण गुळगुळीत स्टीलवर ही शाई धरत नाही. पार्लरच्या दिव्यावर ‘ब्यूटी पार्लर’ उमटले ते पहिल्याच फटक्यात. त्यात अनुस्वार नव्हता.

एवढे होऊनही भाऊंना वेडे म्हणता येत नाही. बाजारातल्या कित्येक बोर्डांवर आयसीचा नंबर घासून काढलेला असतो, वर काळे इपॉक्सी ओतलेले असते. बिघडले की फेका आणि नवे घ्या, हा त्याचा अर्थ. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढले. भाऊंच्या बोर्डावर तो हक्क आधीपासूनच छापलेला आहे: आर १, सी ४, डायोडची पट्टी कोणत्या बाजूला, रिले किती व्होल्टचा, फ्यूज किती अँपिअरचा. बोर्ड दिग्रसला जळो की कारंज्याला, तिथला कोणीही मेकॅनिक तो उघडून दुरुस्त करू शकतो. गिऱ्हाइकाला मानोऱ्याला परत यावे लागत नाही. धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि भाऊंना तो हिशेब येतो.

बोर्डावर दुकानाचे नाव नसते, मोबाइल नंबरही नसतो. कोणी विचारलेच तर उत्तर मिळते, “मी काय पार्ट आहो का?”

पंपाचा बोर्ड विकत घेताना किमतीआधी त्यावरची अक्षरे पाहावीत. एखादा अनुस्वार कमी असला तर चालवून घ्यावे. अक्षरेच नसतील, तर बोर्ड जळेल त्या दिवशी नव्याचे पैसे मोजायची तयारी ठेवावी.